भाग २३ : दुसऱ्याच्या रानातून जाणारी वाट – चिपिंग कॅम्पडन

ज्यांना ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये इअरफोन विसरलेत किंवा ऑफिसात बॉस शेजारीच बसलाय, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. नेहमीप्रमाणे माझे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागे भुंकणारं कुत्रं काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तर सुरुवात एका व्हिडिओ कॉलपासून. जूनचा पहिला आठवडा, शनिवार, तिकडची सकाळ. मी इंग्लंडमध्ये गव्हाच्या एका शेतात उभा होतो. बांधावर नाही, अगदी शेताच्या मधोमध. दोन्ही बाजूंना मांडीपर्यंत हिरवा गहू आणि मधून एक पाऊलवाट, सरळ, भांग पाडल्यासारखी. मी कौतुकाने अण्णांना, म्हणजे वडिलांना, कॉल लावला आणि फोन गोल फिरवून सगळं दाखवलं. मला वाटलं, म्हणतील ‘वा, काय देश आहे!’ अण्णांनी पहिला प्रश्न विचारला : “रान कुणाचंय ते?”

मी म्हटलं, “माहीत नाही हो, असेल कुणातरी शेतकऱ्याचं.”

“मग तू त्याच्या गव्हात काय करतोयस लेका? बाहेर निघ आधी. ओरडत न्हाई का कोण?”

कुणीच ओरडत नव्हतं. उलट माझ्यापुढे साठीपासष्टीचं एक जोडपं काठ्या टेकत निवांत चाललं होतं आणि शेताच्या तोंडाला खांबावर पिवळा बाण होता : इकडून जा. आजचा भाग त्या पिवळ्या बाणाबद्दल आहे. आणि अण्णांना तो प्रश्न इतका का टोचला, त्याबद्दलही. ते शेवटी सांगतो.

गाव कुठलं आणि मी तिथे कसा

कंपनीने तीन महिन्यांसाठी ऑनसाइट पाठवलं होतं, रेडिंगला. आयटीवाल्यांना रेडिंग माहीत असतं. सोमवार ते शुक्रवार स्टँडअप, तिकिटं, डिप्लॉयमेंट. शनिवारी मात्र खोलीत बसवत नव्हतं. मूळचा सातारकडचा माणूस, पुण्यात असतो तेव्हा सुट्टीला राजगड नाहीतर तोरणा ठरलेला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला म्हटलं, चालायला कुठे जाऊ? तो म्हणाला, चिपिंग कॅम्पडन.

नकाशात बघा : इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर काउंटीत, कॉट्सवोल्ड्स नावाच्या डोंगराळ पट्ट्याच्या उत्तर टोकाला. डोंगराळ म्हटलं तरी आपल्या हिशेबाने टेकड्याच. रेडिंगहून ऑक्सफर्डमार्गे रेल्वेने मॉर्टन-इन-मार्शला उतरायचं आणि तिथून बस. कॅम्पडनला पूर्वी स्वतःचं स्टेशन होतं, ते १९६६ मध्ये बंद झालं. बस मोजक्या असतात, रविवारी जाणार असाल तर वेळापत्रक आधी बघाच. मी शनिवारची पहिली पकडली.

‘चिपिंग’ म्हणजे बाजार, जुन्या इंग्रजीतला शब्द. आपल्याकडे पेठ असते ना, तसं. म्हणजे हे झालं ‘पेठ कॅम्पडन’. पेठ कशाची? लोकरीची.

लोकरीवर उभं राहिलेलं गाव

मध्ययुगात इंग्लंडची लोकर युरोपभर जायची आणि कॉट्सवोल्ड्सची लोकर नावाजलेली होती. त्या धंद्यातला इथला मोठा माणूस विल्यम ग्रेव्हल. १३८० च्या सुमाराचं त्याचं घर हाय स्ट्रीटवर आजही उभं आहे. तो वारला १४०१ मध्ये. सेंट जेम्स चर्चमध्ये जमिनीवर त्याचं आणि त्याच्या बायकोचं पितळी स्मारक आहे. चर्च एवढ्याशा गावाला शोभणार नाही इतकं मोठं आहे, कारण बांधायला लोकरीचा पैसा होता. अशा देवळांना तिकडे ‘वूल चर्च’ म्हणतात.

नंतर लोकरीचे दिवस गेले. गावाकडे पैसा उरला नाही, म्हणून जुनी घरं पाडून नवी बांधायची ऐपतही उरली नाही. आज आपण ज्याला ‘जपलेलं’ म्हणतो, त्यातलं बरंचसं असं बिनपैशामुळे राहिलेलं असतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच मधाळ रंगाच्या दगडातली घरं. हा तिथलाच चुनखडक, ज्युरासिक काळातला. सकाळच्या उन्हात तो अक्षरशः गुळाच्या ढेपेसारखा दिसतो. आपल्या काळ्या बेसॉल्टची सवय झालेल्या डोळ्यांना जरा वेळ लागतो.

रस्त्याच्या मधोमध मार्केट हॉल आहे, १६२७ चा. वर छप्पर, चारी बाजूंनी कमानी, खाली ओबडधोबड दगडी फरशी. लोणी, चीज, कोंबड्या विकणाऱ्यांना पावसापासून आडोसा म्हणून सर बॅप्टिस्ट हिक्सने बांधला. हा लंडनचा कापडव्यापारी, राजा पहिल्या जेम्सलाही कर्ज देणारा. त्यानेच १६१२ मध्ये गावातल्या सहा गरीब पुरुषांसाठी आणि सहा गरीब बायकांसाठी घरांची एक रांग बांधली. तिथे आजही वृद्ध माणसं राहतात. त्याचा स्वतःचा वाडा मात्र यादवी युद्धात १६४५ मध्ये जळाला, आणि जाळला कुणी, तर त्याच्याच बाजूच्या राजनिष्ठ सैनिकांनी, निघून जाताना.

मार्केट हॉलची आणखी एक गोष्ट मला आवडली. १९४० च्या दशकात तो एका श्रीमंत अमेरिकनाला विकला जाणार होता. गावाला कळलं, लोकांनी वर्गणी काढून तो विकत घेतला आणि नॅशनल ट्रस्टच्या हवाली केला. त्या फरशीवर बसून मी चटणी-चपातीचा रोल खाल्ला. फरशी इतकी झिजलीय की बसायला खळगे आपोआप झालेत.

एक छोटा फाटा : आनंद कुमारस्वामी

पटकन सांगतो, कारण मलाही हे तिथे गेल्यावर कळलं. १९०२ मध्ये सी. आर. ॲशबी नावाच्या वास्तुविशारदाने लंडनच्या ईस्ट एंडमधली आपली कारागिरांची संस्था, ‘गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट’, उचलून इथे आणली. चांदीकाम, सुतारकाम, छपाई, सगळी माणसं बायकापोरांसह. यंत्राच्या मालासमोर हातचं काम टिकवायचं, ही कल्पना. काही वर्षांतच धंदा बसला, पण जुन्या रेशीम गिरणीत वरच्या मजल्यावर चांदीचं काम आजही चालतं. त्यातल्या एका कारागिराच्या पुढच्या पिढ्या करतात.

याच ॲशबीने शेजारच्या ब्रॉड कॅम्पडनमध्ये एक पडीक नॉर्मन प्रार्थनामंदिर दुरुस्त करून राहण्याजोगं केलं, ते आनंद कुमारस्वामींसाठी. होय, तेच, ‘डान्स ऑफ शिव’वाले. भारतीय कलेकडे बघायला जगाला शिकवणारा हा माणूस काही वर्षं या गावात राहिला, आणि सिंहली कलेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०८ मध्ये इथूनच छापून निघाला. कलेचा अभ्यास करणारे कुणी ऐकत असतील तर यावर एक वेगळा भाग करू.

आता वाट

मार्केट हॉलजवळ जमिनीत एक गोल दगड बसवलाय. तिथून ‘कॉट्सवोल्ड वे’ सुरू होतो : १०२ मैल, म्हणजे १६४ किलोमीटर, शेवट बाथ शहराच्या ॲबीसमोर. लोक आठवडाभरात करतात. २००७ मध्ये त्याला ‘नॅशनल ट्रेल’चा दर्जा मिळाला, खूण म्हणून खांबावर ओकच्या झाडाचं फळ. मी त्यातला पहिला तुकडा केला, कॅम्पडन ते ब्रॉडवे, साधारण दहा किलोमीटर.

पहिला चढ डोव्हर्स हिलचा. उंची जेमतेम २३० मीटर, सिंहगडवाल्यांनी हसू नये. पण वर पोचल्यावर समोरची जमीन एकदम खाली जाते आणि लांबपर्यंत सपाट प्रदेश दिसतो. इथे १६१२ च्या सुमाराला रॉबर्ट डोव्हर नावाच्या वकिलाने ‘ऑलिम्पिक’ खेळ सुरू केले, आधुनिक ऑलिम्पिकच्या जवळजवळ पावणेतीनशे वर्षं आधी. १८५२ मध्ये बंद पडले, १९५१ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्यातला एक प्रकार म्हणजे एकमेकांच्या नडगीवर लाथा मारणे. पॅन्टमध्ये गवत कोंबतात, एकमेकांचे खांदे धरतात आणि सुरू. जत्रेतल्या कुस्तीची मजा आणि शाळेतल्या भांडणाचे नियम!

तिथून पुढे रुंद गवताळ पट्टा, मग शेतं, मग ब्रॉडवे टॉवर. १७९० च्या दशकाच्या शेवटी केवळ शोभेसाठी बांधलेला हा बुरूज. त्यावरून स्वच्छ हवेत सोळा काउंटी दिसतात म्हणतात. मला धुक्यात दीड दिसली असेल.

तर टॉवरच्या अलीकडच्या शेतात तो व्हिडिओ कॉल झाला.

पिवळा बाण नेमका काय सांगतो

दमल्यावर ब्रॉडवेत चहा घेत बसलो आणि वाचत गेलो. इंजिनिअरच्या भाषेत सांगतो, मग कायद्याच्या.

शेत शेतकऱ्याचंच. मालकी, पीक, विक्री, सगळं त्याचं. पण त्या पट्टीवरून *जाण्याचा* हक्क लोकांचा. म्हणजे पब्लिकला रीड-ओन्ली ॲक्सेस. या, जा, थोडं थांबून डबा खा, फोटो काढा. पीक तुडवायचं नाही, तंबू ठोकायचा नाही, वाट सोडून फिरायचं नाही. वाट सोडली की तुम्ही घुसखोर. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे पायी, घोडा आणि सायकल.

हा हक्क राहतो कुठे? नकाशात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनांना कामाला लावलं : आपल्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक वाटा शोधा आणि एका अधिकृत नकाशावर नोंदवा. त्या नकाशावर वाट आहे म्हणजे आहे, पुरावा तिथे संपला. दुकानात मिळणाऱ्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या नारिंगी कव्हरच्या नकाशावर त्याच वाटा हिरव्या तुटक रेषांनी छापलेल्या असतात. अशा वाटांची एकूण लांबी इंग्लंड-वेल्स मिळून सुमारे १,४०,००० मैल.

आणि नोंद नसेल तर? तर वापर बघतात. १९८० च्या कायद्यानुसार लोकांनी एखादी वाट सलग २० वर्षं उघडपणे, परवानगी न मागता, जबरदस्ती न करता आणि कुणी न अडवता वापरली असेल, तर ती सार्वजनिक झाली असं धरलं जातं. मालकाला ते नको असेल तर त्याने वेळीच तसं जाहीर करायचं, फलक लावून किंवा प्रशासनाकडे लिहून देऊन. गप्प बसून वीस वर्षांनी जागं व्हायचं नाही.

सगळ्यात आवडलेला नियम नांगरटीचा. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकरी नांगरू शकतो, पेरणीच्या वेळी. पण १४ दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, कमीत कमी एक मीटर रुंद. माझ्या गव्हातला तो भांग म्हणजे कुणाचा चांगुलपणा नव्हता. शेतकऱ्याने कर्तव्य म्हणून काढलेला होता.

कुंपण असेल तिथे काय? लाकडी पायऱ्या, किंवा ‘किसिंग गेट’. नावावर जाऊ नका. अर्धगोल कठड्यात झुलणारं फाटक असतं, ते दोन्ही कडांना नुसतं टेकतं, म्हणून ते नाव. माणूस वळून पार होतो, मेंढी अडकते.

हे सगळं आयतं मिळालं असंही नाही. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो कामगार तरुण पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउट पठारावर मुद्दाम घुसले. ती जमीन श्रीमंतांच्या शिकारीसाठी राखलेली होती. पाच जणांना तुरुंगवास झाला. सतरा वर्षांनी १९४९ चा कायदा आला. तो फक्त त्या एका दिवसामुळे आला असं म्हणणार नाही, पण तो दिवस तिकडे आजही लोकांच्या आठवणीत आहे.

वाटेवर हरवलेला माणूस

कॅम्पडनची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १६ ऑगस्ट १६६०. सत्तर वर्षांचा विल्यम हॅरिसन, गावच्या जहागीरदारीण बाईंचा कारभारी, वसुलीसाठी शेजारच्या चॅरिंगवर्थला पायी निघाला. परतलाच नाही. शोधायला नोकर जॉन पेरीला पाठवलं. वाटेवर हॅरिसनची टोपी आणि गळपट्टी मिळाली, कापलेली, रक्त लागलेली. चौकशीत पेरी कोलमडला आणि म्हणाला, माझ्या आईने आणि भावाने त्याला मारलं. मृतदेह कुठेच नाही. तरी १६६१ मध्ये तिघांनाही ब्रॉडवेच्या टेकडीवर फाशी दिलं. आईला आधी, कारण ती चेटकीण असल्याचा संशय.

१६६२ मध्ये हॅरिसन चालत घरी आला. म्हणाला, मला पळवून नेलं, समुद्रचाच्यांनी धरलं, तुर्कस्तानात गुलाम म्हणून विकलं. खरं काय, ते आजवर उलगडलेलं नाही.

ज्या टेकडीवर मी सेल्फी घेत होतो ती हीच, हे मला परतीच्या बसमध्ये कळलं. सेल्फी डिलीट केला नाही, पण कुठे टाकलाही नाही.

अण्णांचा प्रश्न

आता घरचं. आमचं रान रस्त्यापासून आत आहे. जायला भावकीच्या शेताच्या कडेने वाट, आजोबांच्याही आधीपासूनची. बैलगाडी जायची, नंतर ट्रॅक्टर. मार्चमध्ये चुलत घरातल्या एकांनी त्या वाटेवर काट्या टाकल्या. कारण जुनंच, भावकीत असतं तसलं. अण्णा तेव्हापासून ओढ्याकडून वळसा घालून जात होते, गुडघा दुखत असताना. मला घरून कुणीच सांगितलं नव्हतं. ‘पोरगं परदेशात आहे, डोक्याला ताप कशाला.’ त्या कॉलनंतर आईने फोन घेतला आणि हळूच सांगितलं.

म्हणजे बघा, मी परक्या देशात अनोळखी माणसाच्या गव्हातून हक्काने चालत होतो आणि माझा बाप स्वतःच्या रानात जायला ओढा ओलांडत होता.

त्या रात्री आपला कायदा वाचायला घेतला. आणि गंमत अशी, की इंग्रजांच्या कायद्यात ज्याला चार ओळी लागतात त्याला आपल्याकडे एक शब्द आहे : वहिवाट. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा. त्याच्या कलम ५ खाली अडवलेला वहिवाटीचा रस्ता मोकळा करून देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३ : बांधावरून रस्ता मागता येतो. शिवाय जुन्या गाव नकाशावर गाडीवाट आणि पायवाट तुटक रेषांनी दाखवलेली असते. आमची होती!

फरकही लक्षात घ्या. तिकडचा हक्क कुणाही वाटसरूचा, नुसतं फिरायला जाणाऱ्याचासुद्धा. आपल्याकडचं हे कलम मुख्यतः शेतात जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी. आणि एक मोठी अट : रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. मार्चमध्ये काट्या पडल्या, म्हणजे सप्टेंबर. अण्णा थांबले होते, ‘भावकी आहे, बसून मिटवू.’ मिटलं असतं तर चांगलंच. पण तारीख कुणासाठी थांबत नाही, हे आम्हा डेडलाइनवाल्यांइतकं कुणाला कळणार?

जुलैमध्ये परत आलो. गाव नकाशाची नक्कल काढली, सातबारा जोडला, वाट वापरलेल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. त्यातले एक जण म्हणाले, “तुझ्या आज्याची गाडी मीच हाकलीय या वाटंनं.” अर्ज मुदतीत गेला. स्थळपाहणी झाली. निकाल अजून यायचाय, अण्णा अजून ओढ्याकडूनच जातात. जिंकलो असं सांगून भाग संपवता आला असता तर मलाही बरं वाटलं असतं.

पण पाहणीच्या दिवशी एक झालं. चुलते समोर उभे होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. अण्णांनी माझा फोन मागून घेतला आणि त्यांना तो गव्हातला व्हिडिओ दाखवला. “बघ, तिकडं पीक मधनं कापून वाट देत्यात.” चुलत्यांनी दोनदा बघितला. मग म्हणाले, “गहू चांगलाय.” बास, एवढंच. चार महिन्यांतलं पहिलं वाक्य होतं.

जाणार असाल तर

चांगले बूट घ्या, पावसाचं जॅकेट घ्या, फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा. खोलगट भागात रेंज जाते. फाटक जसं सापडेल तसंच सोडा : उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. गायी असतील तर लांबून वळसा घाला. आणि शेतातल्या वाटेवर एका रांगेत चाला.

आणि तुमच्या गावातली वाट कुणी अडवली असेल, तर सहा महिने मोजा. मी वकील नाही, त्यामुळे जाणत्या माणसाला विचारा, पण लवकर विचारा. तुमच्याकडे अशी एखादी वहिवाट असेल, मिटलेली किंवा अडकलेली, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो, नावं न घेता.

भेटू पुढच्या शनिवारी. चालत राहा, वाटेवरून!